धोंडबा नामक अस्वलाबाबत

गिरिधरराव लांजेवारांच्या घरी अस्वल आलं ते टपालाने. नागपुरात, रविनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, दोन खोल्या, एक व्हरांडा आणि नळाला सकाळी दीड तास पाणी एवढ्या संसारात अस्वल मावेल का, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही, कारण ते पोस्टकार्डावर बसून आलं होतं. कार्डावर निळ्या शाईत, शाळामास्तरणीच्या उभट अक्षरात लिहिलं होतं: ‘आपणास सोबतचा प्राणी म्हणून अस्वल (नर) देण्यात येत आहे. बळ नऊ, भूक सात, भीती दोन, निष्ठा तीन. नाव आपण ठेवावे. बदलून मिळणार नाही.’

गिरिधररावांनी त्याचं नाव धोंडबा ठेवलं आणि उलट टपालाने तसं कळवलं.

कार्ड पाठवणाऱ्या यमुताई पारशिवनीला राहत. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीनंतर कोणी जपमाळ घेतं, कोणी सुनेला हाती घेतं. यमुताईंनी एक खेळ काढला. आठ खेळाडू, आठ गावांचे. प्रत्येकाने एक वीर व्हायचं, त्याच्यासोबत एक प्राणी, आणि सगळ्यांनी मिळून सातपुड्यात हरवलेला नवलखा किल्ला शोधायचा. वाटेत राक्षस, चेटकिणी, बोलणाऱ्या विहिरी. आपला वीर काय करणार आणि आपला प्राणी काय करणार हे दर महिन्याला पत्राने कळवायचं. मग यमुताई सगळ्यांची पत्रं समोर ठेवून काय घडलं ते ठरवत आणि सायक्लोस्टाइल केलेलं परिपत्रक पाठवत. फासा घरी टाकला की माणूस खोटं सांगू शकतो, म्हणून यमुताईंनी फाशाऐवजी दहा तारखेचं नागपूरचं कमाल तापमान धरलं होतं. वर्तमानपत्रात बेचाळीस पूर्णांक सहा छापलं असेल, तर फासा सहा. नागपूरच्या उन्हाबद्दल खोटं सांगून कोणाचाच फायदा नसतो.

खेळाला अठरा नियम होते. प्राणी बोलणार नाही, हा चौथा. प्राणी आपल्या जातीला धरून वागला तरच त्याची निष्ठा वाढेल, हा नववा. आणि अकरावा: ‘खेळाडूने स्वतःच्या सहीने, कोणत्याही कागदावर, जे लिहिले ते घडले असे समजावे.’ यातले ‘कोणत्याही कागदावर’ हे शब्द नंतर घातलेले होते. वर्ध्याच्या एका कंपाउंडरने औषधाच्या चिठ्ठीवर दुसऱ्या खेळाडूशी तह केला आणि मग तो मी नव्हेच म्हणाला, तेव्हापासून.

गिरिधरराव पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होते. सतरा वर्षं नोकरी झाली होती आणि या सतरा वर्षांत त्यांच्या काटेकोरपणाचं कोणी कौतुक केलं नव्हतं. ‘सोबत पाच कागद’ असं लिहिलेल्या फाईलला साडेचारच कागद जोडलेत (एक अर्धा फाटका होता) म्हणून त्यांनी ती परत पाठवली होती, तेव्हा साहेबांनी त्यांना आत बोलावून पाणी दिलं होतं. अशा माणसाच्या हाती अठरा नियमांचा खेळ लागला, म्हणजे तहानलेल्याला विहीरच मिळाली.

त्यांच्या वीराचं नाव अजिंक्यसेन. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तो तलवार घेऊन पुढे जात असे. गिरिधररावांचा जीव होता तो धोंडब्यात. बाकीच्या खेळाडूंनी आपापले प्राणी नोकरासारखे राबवले. कोणाचा घोडा कुलपं उघडी, कोणाचा कुत्रा पहारेकऱ्यांशी वाटाघाटी करी. गोंदियाच्या स्टेशनमास्तरांचा गरुड तर रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागला. त्यावर गिरिधररावांनी चार पानी हरकत नोंदवली: गरुडाची नजर तीक्ष्ण असली, तरी तो साक्षर असल्याचा पुरावा सादर झालेला नाही. यमुताईंनी हरकत मान्य केली आणि गरुडाची निष्ठा तीनने उतरवली. स्टेशनमास्तरांनी त्या वर्षी गिरिधररावांना दिवाळीचं कार्ड पाठवलं नाही.

धोंडबा मात्र अस्वलासारखाच वागे. ऐन लढाईत त्याला वारूळ दिसलं, तर तो वारूळ उकरी आणि अजिंक्यसेन एकटा मार खाई. डिसेंबरात तो एका गुहेत शिरला तो दोन फेऱ्या बाहेरच आला नाही. गिरिधरराव दर रविवारी महाराजबागेत जाऊन अस्वलाच्या पिंजऱ्यासमोर वही घेऊन बसत. अस्वल बहुधा त्यांच्याकडे पाठ करून झोपलेलं असे. वहीत नोंद होई: ‘दहा ते अकरा वीस, झोप. अकरा वीस, कूस बदलली.’ अशा नोंदींवरून पत्र जाई, आणि यमुताई समासात दोनच शब्द लिहून पाठवत: ‘अस्वल पटले.’ त्या दोन शब्दांनी गिरिधररावांचा महिना चांगला जाई. धोंडब्याची निष्ठा तिनावरून चढत चढत दीड वर्षात आठवर आली.

शामलाबाई, म्हणजे गिरिधररावांच्या पत्नी, आधी कुरकुरल्या. बाकीच्यांचे नवरे रविवारी बाजारात जातात, आपला अस्वल पाहायला जातो, हे हळदीकुंकवात सांगायचं कसं? पण हळूहळू दहा तारखेचा पेपर आधी त्याच उघडू लागल्या. पहिल्याच वर्षी, एप्रिलच्या दहा तारखेला, धोंडब्याला नदी पार करायची होती आणि सहाच्या आत आकडा हवा होता, तेव्हा त्यांनी सकाळी तुळशीला पाणी घालताना दोन शब्द जास्त पुटपुटले.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण गिरिधररावांना एक शंका आली. पाठीवर ओझं घेऊन अस्वलाला चारी पायांवर वीस हात जायला किती वेळ लागेल? महाराजबागेतलं अस्वल याबाबत काही सहकार्य करीना. तेव्हा जानेवारीतल्या एका रविवारी, दार लोटून, गव्हाची अर्धी गोणी पाठीवर घेऊन ते स्वतःच बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत रांगत गेले. शामलाबाई हातात घड्याळ घेऊन उभ्या होत्या. परतीच्या फेरीला, उंबरठ्याजवळ, कमरेत उसण भरली. त्यांना वर उठता येईना, गोणी उतरवता येईना, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारचे चंपतराव दार ढकलून विरजण मागायला आत आले.

चंपतरावांची ओळख करून द्यायला हवी. ते आयुष्यभर एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात होते, आणि अर्ज केल्याने सुटत नाही असं दुःख जगात नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. गल्लीतला दिवा त्यांच्या अर्जाने लागला होता. दोन जणांची लग्नं त्यांच्या अर्जांनी जुळली असंही ते सांगत. मनाने माणूस सोन्यासारखा. त्यांनी आधी गोणी उतरवली, मग गिरिधररावांना उचलून खाटेवर टाकलं, कमरेला मोहरीचं तेल चोळलं आणि मगच विचारलं की हे काय चाललं होतं. गिरिधरराव कण्हत म्हणाले की धोंडब्यासाठी. एवढं सांगून त्यांनी डोळे मिटले, कारण पालथं पडून अठरा नियम समजावून सांगण्यात माणसाची काही शोभा राहत नाही.

आता, चंपतरावांना धोंडबा ठाऊक होता. तो सगळ्या लाइनीला ठाऊक होता. पोस्टमन कवडू पोस्टकार्ड देताना चालता चालता त्यातला मजकूर सांगून टाकी. त्यात त्याचा वाईट हेतू नसे, घरी बाई वाचता येणारी नसेल तर तिची सोय, एवढंच. त्यामुळे पारशिवनीहून आलेलं ‘धोंडबा बरा आहे. डावा पाय अजून लंगडतो. आपल्या सूचनेप्रमाणे नदीकाठीच ठेवले आहे. मध पुरत नाही’ हे कार्ड चार घरांनी ऐकलं होतं. चंपतरावांनी दोन आणि दोन चार केले. लांजेवारांनी पारशिवनीला, कोणा यमुताईंकडे, अस्वल पाळायला ठेवलं आहे. त्याच्या पायाला दुखापत आहे. लांजेवार त्याची चाल समजून घ्यायला स्वतः रांगतात, इतका त्यांचा जीव आहे. आणि हा भोळा माणूस सरकारी नोकर असून त्याच्याकडे परवाना नाही. उद्या कोणी तक्रार केली तर नोकरीवर येईल.

चंपतरावांनी कोणाला काही न सांगता वनखात्याच्या एका कार्यालयात गिरिधररावांच्या वतीने, ‘करिता’ अशी सही करून, अस्वल बाळगण्याच्या परवान्याचा अर्ज टाकला. चार प्रतींत. एक प्रत माहितीसाठी पाटबंधारे खात्याला.

मार्चमध्ये पत्र आलं. विषय: आपल्या ताब्यातील धोंडबा नामक अस्वलाबाबत.

गिरिधरराव अर्ध्या दिवसाची रजा काढून त्या कार्यालयात गेले आणि टेबलामागच्या लिपिकाला शांतपणे म्हणाले की अस्वल नाही. लिपिकाने फाईल उघडून दाखवली. अर्ज आहे, आवक क्रमांक आहे, प्राण्याचं नाव आहे, पायाच्या दुखापतीचा उल्लेख आहे. नसलेल्या अस्वलाचा पाय कसा दुखेल? गिरिधररावांनी अर्ज मागे घेतो म्हटलं. मागे घ्यायलाही नमुना होता, आणि नमुन्यात कारणं तीनच: प्राणी मरण पावला, प्राणी दुसऱ्यास दिला, प्राणी जंगलात सोडला. प्राणी मुळात नव्हता, असं कारण छापलेलं नव्हतं. हाताने लिहू का, असं त्यांनी विचारलं. लिपिक म्हणाला की छापील नमुन्यात हाताने कारण वाढवलेलं चालणार नाही. गिरिधररावांना सर्वांत जास्त हे लागलं की त्याच्या जागी ते असते, तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

इकडे त्यांच्या स्वतःच्या साहेबांकडे चौथी प्रत पोचली होती. साहेब रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले की हेडक्लार्कच्या जागेसाठी तुमचं नाव वर गेलं आहे, आणि वनखात्याकडून प्रकरण मिटल्याचं पत्र महिनाभरात आलं नाही, तर ते नाव खाली येईल. त्या दिवशी ऑफिसात तीन जणांनी त्यांना अस्वलाचा केस ताइतासाठी मागितला.

चौकशीला वनपाल बाबाराव आले. पन्नाशीचा, उन्हाने काळवंडलेला, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, व्हरांड्यातल्या कोळशाच्या पोत्याला हात लावून पाहिला. मग शामलाबाईंनी चहा आणि कांद्याचा चिवडा दिला आणि गिरिधररावांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पोस्टकार्डं दाखवली, परिपत्रकं दाखवली. चंपतराव अपराध्यासारखे दारात उभे होते. बाबारावांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले.

“असं करा,” ते म्हणाले. “मेलं म्हणून लिवून द्या. सोडलं म्हणाल तं जागेवर जाऊन पंचनामा लागते, दिलं म्हणाल तं घेणाऱ्याचा परवाना लागते. मेल्याले काही लागत नाही. एक ओळ, खाली सही. मी फाईल बंद करतो.”

सोपं होतं. चंपतरावांनी लगेच पेन पुढे केलं. गिरिधररावांनी नमुना मांडीवर घेतला, दिनांक टाकला, ‘सदर अस्वल’ एवढं लिहिलं, आणि पेन थांबलं.

“नाही जमत,” ते म्हणाले.

“काहून?” बाबारावांनी विचारलं.

गिरिधररावांनी नियम अकरा वाचून दाखवला. कोणत्याही कागदावर. सही केली, की धोंडबा मेला. चंपतराव हळूच म्हणाले की पारशिवनीच्या बाईंना काय समजणार, नमुना तर इथेच राहणार. गिरिधरराव त्यांच्याकडे असं पाहत राहिले, की चंपतरावांनी पेनाला टोपण लावून टाकलं. यमुताईंना समजलं नसतं हे खरंच होतं. पण गिरिधररावांना समजलं असतं. दीड वर्ष ज्याला खोटं पाऊल टाकू दिलं नाही, त्याला पलंगावर बसून, चहा पिता पिता, हेडक्लार्कच्या खुर्चीसाठी मारायचं, हे त्यांच्याने होईना. आपण हे कोणाला समजावूनही सांगू शकत नाही, हे उमजून त्यांचे कान तांबडे झाले. शामलाबाईंनी त्यांच्या पुढ्यातला नमुना उचलला, चहाचा डाग पडू नये म्हणून.

तरी खात्री करावी म्हणून गिरिधररावांनी यमुताईंना तार केली: ‘अस्वलाच्या मृत्यूवर सही करू का.’ तारबाबूने सहानुभूतीने विचारलं की किती वर्षांचं होतं. तिसऱ्या दिवशी कवडूने कार्ड आणलं आणि या वेळी न वाचता हातात दिलं, म्हणजे त्याने वाचलं होतं. ‘सरकारी कागद हाही कागदच. सही केल्यास मृत्यू धरावा लागेल. माझा नाइलाज आहे. यमुताई.’

पुढचा उपाय बाबारावांनीच काढला. अर्जात प्राणी पारशिवनीला आहे असं लिहिलं असल्याने, नाहीतरी त्यांना एकदा तिथे जाऊन यावंच लागणार होतं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ते, गिरिधरराव आणि शामलाबाई एसटीने निघाले. चंपतराव प्रायश्चित्त म्हणून दशम्यांचा डबा देऊन गेले होते.

यमुताई गिरिधररावांच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ लहान निघाल्या; खुर्चीत बसल्या की पाय जमिनीला टेकत नसत. त्यांनी तिघांनाही आधी हातपाय धुवायला लावलं. मग आतल्या खोलीत नेलं. तिथे जमिनीवर शाळेतला जुना भिंतीवरचा नकाशा पालथा अंथरला होता आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर सगळा सातपुडा रंगवला होता: डोंगर, नदी, विहिरी, राक्षसांची गावं. वीर म्हणजे चिंचोके. प्राण्यांपैकी गरुड एक कवडी होती, घोडा एक बटण. नदीकाठी अजिंक्यसेनाचा चिंचोका होता आणि त्याच्याजवळ एक सागरगोटा, काळपट, गुळगुळीत, जरा एका बाजूला कललेला.

गिरिधररावांनी धोंडब्याला प्रथमच पाहिलं. ते त्याच्याजवळ खाली बसले.

बाबाराव उकिडवे बसून परिपत्रकांची फाईल चाळत होते. ती त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. दोनदा मान हलवली, एकदा स्वतःशी हसले, आणि मग एका जागी बोट ठेवून म्हणाले, “हे चुकलं तुमचं. इथं तुम्ही त्याले झाडावरून डोकं खाली करून उतरवलं. अस्वल तसं उतरत नाही. मागून उतरते, ढुंगण खाली, तोंड वर. बावीस वर्षं पाहून राहिलो मी.”

गिरिधररावांचा चेहरा पडला. वनखात्याचं पत्र, साहेबांचा इशारा, ताइताचे केस, हे सगळं त्यांनी सोसलं होतं. हे नाही सोसवलं. महाराजबागेत झाडच नव्हतं पिंजऱ्यात, असं ते पुटपुटले. यमुताईंनी चष्मा पुसला आणि पुढच्या परिपत्रकात शुद्धिपत्र निघेल असं जाहीर केलं. पण बाबारावांना आता राहवेना. अस्वल वाळवी कशी ओढून घेतं, त्याचा आवाज किती लांबून येतो, मादी पिल्लं पाठीवर कशी नेते, हे ते सांगत राहिले, आणि गिरिधरराव वही काढून लिहून घेत राहिले. शामलाबाई आणि यमुताईंनी तेवढ्यात भाकरी टाकून घेतल्या.

जेवताना गिरिधररावांनी विचारलं की सध्या, या दिवसांत, खरं अस्वल काय करत असेल.

“आता?” बाबाराव म्हणाले. “आता मोहफूल पडून राहिलं ना. रातच्याला मोहाखाली येते, पोटभर खाते, झिंगून पडते. या दिवसात अस्वल कोणाचं नसते, भाऊ.”

गिरिधररावांनी हातातला घास तसाच ठेवला. हात धुऊन ते आतल्या खोलीत गेले. नकाशावर नदीपलीकडे यमुताईंनी मोहाची झाडं काढली होती, तांबूस ठिपक्यांनी, कितीतरी. दीड वर्ष दर महिन्याला त्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारला होता: इथे अस्वल काय करेल? आज त्याचं उत्तर समोर होतं आणि ते टाळलं, तर आजवरचं सगळं खोटं झालं असतं. त्यांनी नमुना मागितला आणि तिसऱ्या कारणावर खूण केली. प्राणी जंगलात सोडला.

यमुताईंनी नियम पंधराची आठवण करून दिली. सोडलेला प्राणी खेळाडूचा राहत नाही. मात्र महिन्यातून एकदा खेळाडू त्याला हाक मारू शकतो. तापमानाचा आकडा निष्ठेपेक्षा जास्त नसेल तर तो येतो. गिरिधररावांनी मान डोलावली आणि सही केली. यमुताईंनी वाकून सागरगोटा उचलला नाही. एका बोटाने हळूहळू सरकवत नदीपार नेला आणि मोहाखाली ठेवला. तो जाताना बाबाराव वाटेतून नकळत बाजूला सरकले.

पंचनामाही झाला. प्राण्याचं नाव धोंडबा, नर, प्रकृती चांगली, डावा पाय किंचित अधू, सोडण्याचं ठिकाण नदीपलीकडचं मोहबन, साक्षीदार दोन. बाबाराव खोटं लिहिणारे नव्हते. त्यांनी प्रत्येक रकाना यमुताईंच्या नोंदवहीवरून भरला. प्राणी कशाचा बनलेला आहे, असा रकानाच नव्हता.

फाईल बंद झाली. साहेबांकडे पत्र पोचलं, जूनमध्ये गिरिधरराव हेडक्लार्क झाले, आणि चंपतरावांनी पेढे वाटले, स्वतःच्या घरचे असल्यासारखे. खेळ चालूच होता. अजिंक्यसेन एकटाच तलवार घेऊन पुढे जात होता. इतर खेळाडूंच्या पत्रांतून धोंडब्याची खबर लागे. जुलैत स्टेशनमास्तरांनी त्याला मधाचं पोळं दाखवून आपल्या बाजूला वळवायचा प्रयत्न केला. धोंडब्याने मध खाल्ला आणि निघून गेला. ते परिपत्रक गिरिधररावांनी शामलाबाईंना दोनदा वाचून दाखवलं.

आणि सप्टेंबरच्या शेवटी दुसरं सरकारी पत्र आलं. कुठल्यातरी वरच्या कार्यालयात कुठल्यातरी अधिकाऱ्याने वर्षभरातले पंचनामे वाचले होते, आणि स्वखुशीने वन्यप्राणी जंगलात सोडणारा जिल्ह्यात एकच नागरिक त्याला सापडला होता. वन्यजीव सप्ताहात श्री. गिरिधर लांजेवार यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचं ठरलं होतं. दोन शब्द बोलावेत, ही विनंती.

गिरिधरराव त्या दिवशी जेवले नाहीत. नकार द्यावा तर कारण द्यावं लागेल. कारण दिलं तर फाईल उघडेल. फाईल उघडली तर बाबारावांवर येईल. चंपतरावांनी आजारपणाचा अर्ज सुचवला आणि शामलाबाईंनी त्यांना नम्रपणे दार दाखवलं.

“जा आणि खरं ते सांगा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “तुम्हाले त्याच्याबद्दल खोटं येतेच कुठं?”

सभागृहात दोन-अडीचशे माणसं होती. शाळेच्या मुली, वनरक्षक, काही वकील, पहिल्या रांगेत बाबाराव, मान खाली घालून. गिरिधररावांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि समोर माइक. त्यांनी घसा साफ केला. मग एका वाक्यामागे एक वाक्य ठेवत, फाईलला कागद जोडावेत तसं, त्यांनी सांगितलं. धोंडबा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा माझ्यावर फारसा विश्वास नव्हता. मी त्याला काही शिकवलं नाही. त्याला वारूळ दिसलं तर मी त्याला थांबवलं नाही. तो डिसेंबरात बाहेर आला नाही, तेव्हा मी वाट पाहिली. दीड वर्षाने तो माझ्या हाकेला येऊ लागला. मग एप्रिलमध्ये मोह फुलला, आणि मला कळलं की तो आता माझा नाही. म्हणून सोडला.

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उभं राहून विचारलं की त्याला परत बोलवावंसं वाटत नाही का.

“महिन्यातून एकदा बोलवायची सोय आहे,” गिरिधरराव म्हणाले. “मी बोलवत नाही.”

मग टाळ्या झाल्या, पुष्कळ झाल्या. बाबाराव उठून उभे राहिले आणि त्यांच्यामुळे सगळे वनरक्षक उभे राहिले. शामलाबाईंनी पदराने नाक पुसलं.

परत येताना त्यांनी सायकलरिक्षा केली. शाल घडी करून शामलाबाईंच्या मांडीवर, नारळ गिरिधररावांच्या. बराच रस्ता गिरिधरराव आपण बोललेलं एकेक वाक्य काढून तपासत होते. लॉ कॉलेजच्या चौकात त्यांनी सुस्कारा टाकला. एकही वाक्य खोटं नव्हतं. मनाला इतकं स्वच्छ, इतकं हलकं त्यांना हेडक्लार्क झाल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

“पण मी म्हणते,” शामलाबाई म्हणाल्या, “एकदा बोलवून तं पाहा. निष्ठा आठ आहे त्याची. दहा तारीख चारच दिवसांवर आली.”

गिरिधररावांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. विचार त्यांच्याही मनात नव्हता असं नाही.

“आणि आला म्हणजे?” ते म्हणाले. “ताब्यात अस्वल आहे म्हणून पुन्हा अर्ज करावा लागन.”

“चंपतराव आहेत ना,” शामलाबाई म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याला त्यांनी डावीकडे वळायला सांगितलं.